मास्तरांची छत्री

जबलपूरच्या घमापूर भागात एका मराठी घराच्या गच्चीवर १९९० च्या सुमारास जाळीची दहा फुटी छत्री उभी राहिली, तेव्हा शेजाऱ्यांना वाटले, आता फुकटात सिनेमे दिसणार. घरमालक जबलपूरच्याच दूरसंचार प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झालेले. १९४२ साली सुरू झालेल्या या केंद्रात देशभरचे टेलिफोनवाले शिकून गेले. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणे.

छत्रीत सिनेमे नव्हतेच. दिसायचे ते मॉस्कोचे दूरदर्शन, आणि तेही कृष्णधवल. कारण रशियनांची रंगपद्धत ‘सेकाम’, आपल्या टीव्हीची ‘पाल’. रशियन भाषा घरात कोणालाच येत नव्हती. पण धाकटा मुलगा मॉस्कोला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याचे पत्र यायला तीन-तीन आठवडे लागत, चित्र मात्र क्षणात पोचे.

कसे पोचे, हे मास्तर हौसेने सांगत. विषुववृत्तावरचा उपग्रह उत्तर सायबेरियातून पार क्षितिजाला टेकलेला दिसतो. म्हणून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी २३ एप्रिल १९६५ रोजी सोडलेल्या ‘मोल्निया’ला लांबट कक्षा दिली. बारा तासांच्या फेरीत तो बराच वेळ उत्तरेवर, चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास रेंगाळे. दोन वर्षांनी ‘ऑर्बिटा’ केंद्रांची साखळी उभी राहिली आणि मॉस्कोचे चित्र अतिपूर्वेपर्यंत गेले. भारतातल्या छत्र्यांत सापडत ते १९७८ पासूनचे ‘गोरिझोंट’, विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे. त्यांना एक खोड होती. उत्तर-दक्षिण जागा धरून ठेवण्याची सोय नसल्याने जुना उपग्रह दिवसभर वरखाली डुलत राही. मग मास्तर पाना घेऊन गच्चीवर आणि मास्तरीणबाई खालून ओरडत, “आलं, आलं... गेलं!”

१९ ऑगस्ट १९९१, सोमवार. सकाळपासून पडद्यावर बॅले नाच. दुपारीही तोच ‘स्वान लेक’. कोणी मोठा पुढारी गेला असावा, असे मास्तरांना वाटले. रेडिओ लावला तेव्हा कळले, गोर्बाचेव्हना बाजूला सारले आहे आणि मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आहेत. ट्रंक कॉल लावून ठेवला, तो काही लागेना.

संध्याकाळी साडेसातला टेबलामागे बसलेली बंडखोर मंडळी दिसली. त्यांचे म्होरके यानायेव बोलत होते आणि त्यांचे हात थरथरत होते.

“अहो, हा माणूस घाबरलाय,” मास्तरीणबाई म्हणाल्या. अख्ख्या मोहल्ल्यात त्या दिवशी रशियाचे राजकारण एवढे कोणाला कळले नसेल!

रात्री साडेअकराला मॉस्कोच्या बातम्या लागल्या. रणगाड्यावर उभे राहिलेले येल्त्सिन दिसले, भोवती माणसे. मास्तर येल्त्सिनकडे पाहत होते. बाई टीव्हीला नाक लावून गर्दीतला एकेक चेहरा तपासत होत्या.

२१ तारखेला बंड फसले. त्यानंतर दोन दिवसांनी तार आली, ‘सुखरूप, काळजी नसावी’. तोवर घरात कोणी धड जेवले नव्हते.

डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला. उपग्रह मात्र वरच होते, आणि त्यांच्या नव्या धन्याला पैशाची निकड होती. १९९३ मध्ये तमिळ ‘सन टीव्ही’ एप्रिलात आणि मल्याळम ‘एशियानेट’ ऑगस्टमध्ये रशियन उपग्रहांवरूनच सुरू झाले. भारताच्या भूमीवरून खासगी वाहिनीला चित्र वर पाठवायला तेव्हा परवानगी नव्हती. म्हणून कॅसेटी विमानाने परदेशी जायच्या आणि तिथून उपग्रहावर! गल्लीतल्या केरळी नर्सबाई मग ड्युटी संपली की मास्तरांकडेच.

पंधरा ऑगस्ट १९९४ पासून दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आली. ती आपल्या इन्सॅटवर. मास्तरांनी पाना घेतला आणि छत्री फिरवली. नर्सबाई रुसल्या. शेवटी तोडगा निघाला: आठवडाभर मराठी, रविवारी दुपारी मल्याळम. मुलगा तोवर परतून पुण्याला नोकरीला लागला होता. दर रविवारी छत्री फिरवायला गच्चीवर चढत, ते मास्तरच.