जपून टाकलेली पानं

जुन्या कैरोत, ज्या भागाला पूर्वी फुस्तात म्हणत, तिथे बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, आहे. त्यात बायकांच्या सज्जाच्या टोकाला एक बिनदाराची खोली होती. भिंतीत उंचावर एक भोक, तिथवर शिडी. शिडी चढायची आणि हातातला कागद आत सोडून द्यायचा. झिजलेला धर्मग्रंथ, फाटलेली प्रार्थनेची पोथी, मुदत सरलेला करार, मेलेल्या सावकाराची चोपडी, पोरानं गिरवून गिरवून काळं केलेलं मुळाक्षरांचं पान. सगळं त्याच भोकातून त्याच अंधारात.

ज्यू धर्मशास्त्र सांगतं, की ज्यावर देवाचं नाव आहे ते लिखाण जाळू नये, फाडू नये. निकामी झालं की ते बाजूला ठेवावं आणि मग माणसाला पुरतात तसं मातीत पुरावं. अशा बाजूला ठेवण्याच्या जागेला गेनिझा म्हणतात. फुस्तातच्या लोकांनी हा नियम आणखी सैल हातानं वापरला. देवाचं नाव असो नसो, हिब्रू अक्षरांत लिहिलेलं आहे ना, मग टाका खोलीत. त्यांची बोली अरबी होती, पण ती ते हिब्रू लिपीत लिहीत. त्यामुळे बाजारहाटाची यादीसुद्धा या नियमात बसली. पुरायचं मात्र राहून गेलं. वर्षं गेली, शतकं गेली, मिसरची कोरडी हवा कागदाला धार्जिणी ठरली आणि खोली भरत राहिली.

मला या खोलीनं कितीतरी वर्षं धरून ठेवलं आहे. इतिहास सहसा जपलेल्या वस्तूंचा असतो. इथे एका गावानं आपली रद्दी टाकली, पण टाकताना हात आदबीनं वागला. त्या आदबीतून जे वाचलं, ते कुणीही मुद्दाम वाचवलं नसतं. सुपारीचा हिशेब कोण जपून ठेवतं?

ही आदब आली कुठून हे कळायला लेखनिकाच्या पाटाशी बसावं लागतं. तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, सिनेगॉगात वाचायचे तर ते हातानं लिहिलेल्या गुंडाळीवरूनच. ती लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. चर्मपत्र खाण्यास विहित असलेल्याच जनावराच्या कातड्याचं. शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. लेखणी युरोपात पिसाची, पूर्वेकडे बोरूची. आधी बोथट टोकानं, शाईशिवाय, नुसत्या दाबानं ओळी आखायच्या. मग अक्षरं त्या ओळीखाली लटकवायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. रोमन अक्षरं ओळीवर उभी राहतात. हिब्रू अक्षरं आपल्या देवनागरीसारखी ओळीखाली लोंबतात. फक्त आपली शिरोरेघ शाईची, त्यांची कातड्यावरच्या नुसत्या वळाची.

संपूर्ण तोरात 3,04,805 अक्षरं मोजलेली आहेत. त्यातलं एकही अक्षर आठवणीतून लिहायचं नाही. ग्रंथ तोंडपाठ असला तरी नमुना समोर हवा, आणि प्रत्येक शब्द उमटवण्याआधी तोंडानं उच्चारायचा. एक अक्षर दुसऱ्याला चिकटता कामा नये. प्रत्येकाभोवती कोऱ्या कातड्याची जागा हवी. देवाचं नाव आलं की लेखनिक थांबतो, हे नाव मी त्याच्या पावित्र्याच्या हेतूनं लिहितो आहे असं बोलतो, मगच लेखणी टेकवतो. त्या नावात चूक झाली तर ते खरवडता येत नाही. चामड्याचा तो तुकडा काढून दफनाला ठेवावा लागतो. दुसरीकडे कुठे एखादं अक्षर झिजलं, चिरलं, तरी दुरुस्ती होईपर्यंत सबंध गुंडाळी वाचनातून बाद.

आणि अक्षर नीट उमटलंय की नाही याबद्दल शंका आली तर? तेव्हा एका लहान मुलाला बोलावतात. मूल अक्षरओळख असलेलं हवं, पण फार हुशार नको आणि मंदही नको. हुशार मूल संदर्भानं ओळखून मोकळं होईल. बाकीची ओळ झाकून विचारायचं, हे कोणतं अक्षर? मूल म्हणेल ते खरं. इतक्या कर्मठ शास्त्रानं शेवटचा निवाडा सहा-सात वर्षांच्या डोळ्यांवर सोपवावा, याचं मला अपार कौतुक वाटतं.

लेखनिकांत बायका कमी, पण होत्या. एकोणिसाव्या शतकात याकोव सपीर नावाचा जेरुसलेमचा एक विद्वान येमेनमधून फिरला, पुढे हिंदुस्थानातही आला. सना शहरातल्या बेनाया या प्रसिद्ध लेखनिकाची मुलगी मिर्याम हिनं लिहिलेल्या तोराची नोंद त्यानं केली आहे. ग्रंथाच्या शेवटी तिनं वाचकाला विनवलं होतं, की काही चुकलं असेल तर दोष देऊ नका, मी अंगावर पाजणारी आई आहे. याच सपीरनं 1864 साली फुस्तातच्या त्या खोलीतही डोकावून पाहिलं, धुळीत हात घातले आणि थोडी पानं घेऊन परतला. आपण कशावर उभे होतो हे त्याला उमगलं नाही.

तोराचं लेखन ही झाली शिस्तीची परिसीमा. त्या खोलीत मला अधिक जवळचं वाटतं ते घाईत, खाडाखोडीसकट लिहिलेलं. मोशे बेन मैमून हे मध्ययुगातले सर्वांत मोठे ज्यू धर्मपंडित, युरोप त्यांना मैमोनिदेस म्हणतो. कॉर्दोबात जन्मलेले, फुस्तातमध्ये वैद्यकी करणारे, 1204 साली वारलेले. त्यांच्या ग्रंथांचे कच्चे खर्डे त्या खोलीत सापडले. अक्षर वेगवान, थोडं गबाळं. वाक्य लिहिलेलं, खोडलेलं, वर पुन्हा लिहिलेलं. ज्यांचं वचन आठशे वर्षं प्रमाण मानलं गेलं, त्यांचा हात शब्द शोधताना अडखळलेला तिथे दिसतो.

त्यांचा धाकटा भाऊ दाविद व्यापार करी, म्हणून थोरल्याला अभ्यासाला सवड मिळे. सुमारे 1170 मध्ये दाविदनं तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून भावाला पत्र लिहिलं. तांड्याची सोबत सोडून एकाच साथीदाराबरोबर त्यानं वाळवंट पार केलं होतं, आणि मागून आलेला तांडा लुटला गेल्याचं त्याला इथे कळलं होतं. बंदरात निळीखेरीज घेण्याजोगं काही नव्हतं. तेव्हा आता समुद्रमार्गे हिंदुस्थानला जातो, असं तो कळवतो. घरातल्या बायकांना घाबरवू नकोस, धीर दे, असंही सांगतो. पुढे दाविद हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर त्याचा, भावाचा आणि इतरांचा पैसा गेला, मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. मैमोनिदेस वर्षभर अंथरुणाला खिळले. आठेक वर्षांनी अक्को इथल्या एका स्नेह्याला लिहिताना ते सांगतात, की अजूनही भावाचं हस्ताक्षर किंवा त्याचं एखादं पुस्तक दिसलं की पोटात कालवतं.

ऐधाबचं ते पत्र आज केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. कडा खाल्लेल्या, मध्ये मजकूर तुटलेला. ग्रंथालयानं छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली आहेत. मला त्यातली लिपी अडखळतच वाचता येते, पण हेच ते हस्ताक्षर, ज्याच्या दर्शनानं तो थोर माणूस मोडून जात असे, एवढं ठाऊक असलं की त्या तुटक्या ओळींवरून नजर भराभर सरकत नाही.

दाविद ज्या किनाऱ्याकडे निघाला होता तो आपला किनारा. या व्यापाऱ्यांच्या पत्रांत मलबारची बंदरं सतत येतात, शिलाहारांच्या काळातलं ठाणंही येतं. त्यातला अब्राहम बेन यिजू हा तर मंगळुरात सतराएक वर्षं राहिला. मूळचा ट्युनिसियातल्या महदियाचा. मंगळुरात त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनचे व्यापारी मोडकी भांडी पाठवत आणि इथे ओतून नवी करून घेत. तो मिरी, वेलदोडे, सुपारी, लोखंड धाडी. 1132 साली त्यानं आशू नावाच्या आपल्या दासीला मुक्त केलं, त्याचा दस्त उरला आहे. अमिताव घोष यांनी 1992 च्या पुस्तकात त्याची कहाणी जगभर नेली.

बेन यिजूची अडचण कागदाची होती. मलबारात लिहीत ताडपत्रावर. त्याला मात्र कागद लागे. मग एडनचा मदमून हा त्याचा मित्र साखर, बेदाणे अशा भेटींबरोबर कोरा मिसरी कागदही पाठवी. तो संपला की बेन यिजू आलेल्या पत्रांच्या पाठीवर आणि समासात लिही. एका बाजूला मालाच्या किमती, उलट बाजूला त्यानं स्वतः रचलेली हिब्रू कविता किंवा उसनवारीची यादी. 1149 मध्ये तो दोन मुलांना घेऊन एडनला परतला, पुढे मिसरमध्ये स्थायिक झाला. ही वापरलेली, दोन्ही बाजूंनी भरलेली चिठोरी त्यानं मंगळुराहून जहाजावर चढवली होती आणि अखेर ती फुस्तातच्या खोलीत पडली. मुलगा येमेनमध्येच दगावला. मुलीचं लग्न 1156 साली त्यानं पुतण्याशी लावलं. तिला दिलेल्या वस्तूंची यादीही त्याच ढिगात निघाली.

खोली उघडल्याची गोष्ट अनेकांनी रंगवून सांगितली आहे, मी थोडक्यात सांगतो. 1896 च्या मे महिन्यात ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या स्कॉटिश विदुषींनी पूर्वेकडून आणलेली पानं केंब्रिजच्या सोलोमन शेख्टर यांना दाखवली. एक पान बेन सिरा या प्राचीन ज्यू ग्रंथकाराच्या ग्रंथाच्या हरवलेल्या हिब्रू मुळाचं निघालं. ते कुठून आलं असावं याचा अंदाज बांधून त्याच वर्षाच्या अखेरीस शेख्टर कैरोला गेले, केंब्रिजमधल्याच चार्ल्स टेलर यांनी पैसे दिले, आणि सुमारे 1,93,000 तुकडे इंग्लंडला आले. आज जगभर विखुरलेले मिळून ते 4 लाखांच्या घरात आहेत. एकाच पानाचा वरचा भाग एका देशात आणि खालचा दुसऱ्यात असं सर्रास आहे. ते जुळवण्यात संशोधकांची आयुष्यं जातात. इतिहासकार गोइटाइन यांनी याच चिठोऱ्यांतून सहा खंडांत एक अख्खा समाज उभा केला.

पण हिब्रू पानं टिकण्याची दुसरीही एक रीत झाली, आणि ती लिहिताना हात जड होतो. 1242 साली पॅरिसमध्ये तालमूदच्या, म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मपंडितांच्या, वादविवादांच्या ग्रंथाच्या, हस्तलिखितांच्या 24 गाड्या जाळल्या गेल्या. 1553 मध्ये रोमच्या कांपो देई फिओरी चौकात, ज्यूंच्या वर्षप्रतिपदेच्या दिवशी, पुन्हा तेच. तालमूदचा ग्रंथ अफाट. त्याचं जवळजवळ संपूर्ण असं एकच मध्ययुगीन हस्तलिखित आज उरलं आहे, 1342 सालचं, म्युनिकमध्ये. जे जळालं नाही त्यातलं काही बुकबाइंडरांच्या हाती गेलं. चर्मपत्र चिवट आणि महाग. मोडीत आलेल्या हिब्रू पोथ्यांची पानं सुटी करून सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीतल्या दस्तनोंदणीच्या वह्यांना ती वेष्टनं म्हणून चढली. मोदेना, बोलोन्या, नोनांतोला इथल्या दप्तरखान्यांत अशी हजारो पानं मिळाली आहेत. पान आडवं फिरवलेलं, घडीवर अक्षरं पुसलेली, आणि रब्बींच्या वादविवादावरून आरपार गेलेलं वहीचं साल.

फुस्तातमध्ये पान वाचलं श्रद्धेमुळे, इटलीत बेपर्वाईमुळे. त्या बाइंडराचे आभार मानायला माझी जीभ वळत नाही. कुणाच्या तरी आजोबांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं त्यानं चामड्याच्या भावानं कापलं. तरी त्या वह्या मोदेनाच्या दप्तरखान्यात नसत्या, तर कित्येक ग्रंथांची आपल्याला आज एक ओळही मिळाली नसती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना सोडवत नाहीत.

इथवर आलो की मला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. त्यांची परंपरा सांगते, की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावपाशी फुटलं, सात जोडपी तगली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. अक्षराला इतकं मानणाऱ्या धर्माची ही शाखा शतकानुशतकं पुस्तकाविना राहिली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सुंता, खाण्यापिण्याचे विधिनिषेध आणि शेमा या प्रार्थनेचे शब्द एवढं तोंडातून तोंडात टिकलं. फुस्तातच्या ढिगाची भक्ती करणाऱ्या माझ्यासारख्याला याचं उत्तर देणं अवघड जातं. लिहिलेलं सगळं बुडूनही इथे धर्म उरला.

पुस्तक त्यांच्याकडे परत आलं ते उशिरा. कोचीनहून शिक्षक आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी पुढे प्रार्थना मराठीत आणल्या. 1846 साली मुंबईत हगादा शिळाछापावर निघाली, हिब्रू आणि मराठी एकत्र. वल्हांडणाच्या रात्री जेवणाआधी घराघरांत वाचायचं हे पुस्तक. त्या वाचनाची सुरुवात घरातलं सर्वांत धाकटं मूल करतं, आजची रात्र वेगळी का, असं मोठ्यांना विचारून. मुंबईतल्या बेने इस्राएल घरात त्या मुलापुढे आता छापलेलं पान होतं, आणि प्रश्न त्याच्या स्वतःच्या भाषेत होता.