माझा छंद : जुन्या रेसिंग गाड्यांच्या प्रतिकृती

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, ‘माझा आवडता छंद’ हा निबंध आपण सगळ्यांनी लहानपणी लिहिला आहे आणि आता दरवर्षी तपासतोही. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, बागकाम, वाचन. वीस वह्या तपासल्या की लक्षात येतं, निम्म्या मुलांनी एकही तिकीट कधी जमवलेलं नाही. निबंध पाठ आहे, छंद नाही. म्हणून म्हटलं, एकदा आपणच आपल्या खऱ्या छंदावर लिहावं. माझा छंद जरा वेगळा आहे. मी पुठ्ठ्याच्या जुन्या रेसिंग गाड्या बनवते. खेळण्यातल्या नव्हे, मापात बसणाऱ्या.

लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुलीला हा छंद कुठून लागला? माझे वडील परळच्या एका गिरणीत फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. संप मिटायची वाट बघत सगळी चाळच घरी बसली. वडिलांच्या हाताला काम नव्हतं आणि हात काही गप्प बसेनात. घरात बुटाचे खोके होते, जुन्या बॉबिन होत्या आणि त्यांचा स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर होता. मासिकातल्या एका फोटोवरून त्यांनी मला लांब नाकाची, उघड्या चाकांची गाडी करून दिली. बॉबिनच्या चकत्या कापून चाकं केली. चारही चाकं कॅलिपरमध्ये धरून मला दाखवली आणि म्हणाले, “डोळा फसतो, माप फसत नाही.” त्या गाडीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मला आजही माहीत नाही. पण ते वाक्य घेऊन मी गणिताची शिक्षिका झाले.

आता प्रतिकृती म्हणजे काय ते सांगते. दिवाळीत गिरगावात, दादरला, आमच्या लालबागमध्ये मुलं मातीचे किल्ले करतात. किल्ला सुरेख असतो, पण दरवाजा दोन इंचांचा आणि बाहेर उभा मावळा चार इंचांचा! बिचारा आत जाणार कसा? ती मजा आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तो देखावा झाला. प्रतिकृतीत प्रत्येक मापाला एकाच संख्येने भागावं लागतं. मी 1:24 हे प्रमाण वापरते, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच. छोट्या धातूच्या संग्राह्य गाड्या 1:43 च्या असतात, पण त्या मुलांच्या हातांना फार बारीक पडतात. 1:24 ची गाडी तळहातावर मावते आणि तिचे भाग कात्रीने कापताही येतात.

आणि जुन्याच रेसिंग गाड्या का? कारण त्यांचं सगळं उघडं असतं. आजची फॉर्म्युला वनची गाडी बाहेरून नुसतीच पंखांची आणि घड्यांची दिसते. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या गाडीत चाकाला धरणारे दांडे, धुराचे पाइप, इंजिन हे सगळं डोळ्यांना दिसतं. कुठला भाग कशाला जोडलाय आणि का, हे मुलांना नुसतं बघून कळतं.

माझी सगळ्यांत आवडती गाडी म्हणजे लोटस 49. नाव ऐकून मुलं हसतात, “बाई, कमळ?” होय, कमळच. कॉलिन चॅपमन यांच्या ब्रिटिश कंपनीची ही गाडी 1967 साली हॉलंडमधल्या झांडवूर्टला पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. तिच्या मागच्या अर्ध्या भागाला सांगाडाच नाही. आठ सिलिंडरचं कॉसवर्थ इंजिन थेट चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला बोल्टने जोडलंय, आणि मागची चाकं, गिअरबॉक्स यांचा भार त्या इंजिनवरच आहे. इंजिन काढलं की गाडीचे दोन तुकडे. चाळीतल्या मुलांना हे पटकन समजतं. कुठली भिंत नुसती आडोशाची आणि कुठली पाडली तर वरचा मजला खाली येईल, हे त्यांनी दुरुस्तीच्या वेळी ऐकलेलं असतं.

2018 च्या जूनमध्ये मी शाळेत हा उपक्रम पहिल्यांदा घेतला. नववीची सोळा मुलं, शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास. त्याच वर्षी राज्यात थर्माकोलवर बंदी आली होती, त्यामुळे प्रोजेक्ट म्हटलं की थर्माकोल हा रस्ता बंद झाला आणि आमचं भलं झालं. लग्नपत्रिका, औषधांचे खोके, संपलेल्या रिफिली, टाचण्या, विजेच्या वायरीतली तांब्याची तार, फेविकॉल आणि पॉलिश पेपर. बस्स, एवढंच सामान.

लोटस तर समोर नव्हती. मग मोजायला सुरुवात कशाने करायची? लालबागच्या नाक्यावर तेव्हा काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी उभी असायची. टेप घेऊन गेलो. टॅक्सीवाले चाचा काचेतून डोकावले, “क्या नाप रहे हो, बेचना नहीं है.” शाळेचं काम आहे म्हटल्यावर स्वतःच खाली उतरून टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 234 सेंटिमीटर. भागिले 24, म्हणजे 9.75. लोटस 49 चं हेच माप 241 सेंटिमीटर, म्हणजे आमच्या प्रमाणात जवळजवळ बरोबर 10. मुलं चकित. जगज्जेती रेसिंग गाडी आणि आपली टॅक्सी यांच्या चाकांतल्या अंतरात फक्त सात सेंटिमीटरचा फरक!

मग फरक आहे कशात? टॅक्सीचं वजन सुमारे 900 किलो आणि ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. लोटसचं वजन सुमारे 500 किलो आणि ताकद सुमारे 400. फळ्यावर दर किलोमागे ताकद काढली. टॅक्सीची 0.044, लोटसची 0.8. अठरा पटींचा फरक. नववीच्या पुस्तकातलं ‘गुणोत्तर व प्रमाण’ हे प्रकरण तोवर अर्ध्या वर्गाला कंटाळवाणं वाटत होतं. त्या दिवशी भागाकार कोणी मागावा लागला नाही.

पुढचा प्रश्न मी मुद्दाम विचारला. खरी गाडी 500 किलोची, मग आपली 1:24 ची गाडी अगदी त्याच धातूंची, तश्शीच केली तर वजन किती भरेल? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “बाई, 500 भागिले 24. जवळजवळ 21 किलो.” मी म्हटलं, 21 किलो म्हणजे तांदळाचं मोठं पोतं. ते तळहातावर घेणार का? वर्ग शांत झाला.

मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, लांबीला भागलं, रुंदीला भागलं, उंचीलापण भागलं. मग तीनदा भागायला पाहिजे ना?” तीनदा भागलं. 24 गुणिले 24 गुणिले 24, म्हणजे 13,824. वजन आलं सुमारे 36 ग्रॅम. ही मुलगी गणितात कायम काठावर पास होणारी. दहावीच्या ‘समरूपता’ प्रकरणात क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं हे मुलं पाठ करतात. हिने त्याच्याही पुढची पायरी स्वतः गाठली होती.

दिवाळीनंतर तिचे वडील शाळेत आले, जरा रागातच. “मॅडम, पुढच्या वर्षी दहावी आहे. शनिवारी क्लास लावतोय. ही पुठ्ठ्याची गाडी बंद करा. याचे मार्क किती मिळणार?” त्यांचा राग मला समजत होता. गणपतीच्या कारखान्यात काम करणारा माणूस. हंगामात रात्ररात्र जागायचं आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम करायचं. मुलीने यातून बाहेर पडावं, एवढीच इच्छा.

मी वाद घातला नाही. म्हटलं, एकदा काम बघून जा, मग तुम्ही म्हणाल तसं. मुलीची अर्धी झालेली लोटस टेबलावर होती. शेजारी तिची वही, डाव्या बाजूला खरं माप, उजव्या बाजूला भागून आलेलं. त्यांनी गाडीला हात न लावता आधी वही बघितली. बराच वेळ बघितली. मग मुलीला विचारलं, “हे सगळं चोवीसने भागलंस?” ती म्हणाली, “हो पप्पा.” तर म्हणाले, “आम्ही हेच उलटं करतो.”

आणि मग ते सांगत गेले. दीड फुटाचं शाडूचं मॉडेल आधी करायचं, त्यावरून अठरा फुटी मूर्ती. म्हणजे बारापट. मॉडेलवर दोन इंच तिथे मूर्तीवर चोवीस. उंची दुप्पट केली की पोकळ मूर्तीला माल दुप्पट लागत नाही, निदान चौपट लागतो, आणि भरीव केली तर आठपट. वर उंचीप्रमाणे आतला काथ्या आणि आधार वाढवायचा तो वेगळाच. “नवा कारागीर इथेच चुकतो. दुप्पट माल मागवतो आणि मूर्ती कमरेपर्यंतच होते.” मुलगी वडिलांकडे बघत राहिली. घनाचा नियम तिने महिनाभरापूर्वी फळ्यासमोर शोधला होता आणि तिच्या घरात तो कित्येक वर्षं रोज वापरला जात होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी आता दर वर्षी वर्गात सांगते. उंच मूर्तीचा चेहरा अगदी मापाप्रमाणे केला तर खालून बघणाऱ्याला तो लहान दिसतो. म्हणून चेहरा किंचित मोठा ठेवतात. माझ्या वडिलांचं वाक्य खरं, डोळा फसतो. पण बघायचं शेवटी डोळ्यानेच असतं, हे या गृहस्थांनी मला शिकवलं. आमच्या गाडीतही हेच होतं. समजा, खऱ्या गाडीचा पत्रा दीड मिलीमीटरचा आहे. 24 ने भागला तर तो वहीच्या कागदापेक्षाही पातळ होतो आणि उभाच राहत नाही. तिथे जाड कागद घ्यावाच लागतो, फक्त कडा घासून पातळ दाखवायच्या. कुठे माप पाळायचं आणि कुठे तडजोड करायची, हे ठरवायला आधी माप माहीत असावं लागतं.

आपण शिक्षक तरी दुसरं काय करतो? मोठा विषय लहान करून मुलांच्या हातात देतो. पण लहान करणं म्हणजे सोपं करून टाकणं नव्हे. सनावळी ठेवली आणि कारणं गाळली, सूत्र ठेवलं आणि ते आलं कुठून ते गाळलं, की दरवाजापेक्षा मावळा मोठा होतो. दिसायला किल्ला, पण आत जाता येत नाही.

गाडी करताना मुलांनी असे प्रश्न विचारले जे कुठल्याच पुस्तकात नव्हते. “बाई, बेल्ट कुठे लावायचा?” 1967 च्या त्या गाडीत बेल्ट नव्हता. चालक दोन्ही बाजूंच्या पेट्रोलच्या टाक्यांमध्ये बसायचा. फॉर्म्युला वनमध्ये बेल्टची सक्ती 1972 साली झाली. जिम क्लार्क एप्रिल 1968 मध्ये जर्मनीत दुसऱ्या एका शर्यतीत गेला. हे ऐकल्यावर, हेल्मेट हँडलला अडकवून जाणाऱ्या आपल्या मोठ्या भावांबद्दल मुलं स्वतःहून बोलायला लागली. रंगाचंही तसंच. तेव्हा देशाप्रमाणे रंग असत, इंग्लंडचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा. 1968 मध्ये लोटसवर सिगारेटच्या जाहिरातीचे रंग चढले. म्हणून आम्ही 1967 चीच गाडी केली, हिरवी, मध्ये पिवळा पट्टा. का, ते मुलांना सांगितलं आणि त्यांना पटलं.

ज्यांना शाळेत किंवा घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवात मोजता येईल अशा वस्तूपासून करा, बाक, पाण्याची टाकी, रिक्षा. समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रं त्याच प्रमाणात काढा. चाकं आधी करा, कारण चाक चुकलं की सगळीच गाडी चुकलेली दिसते. चकत्या एकावर एक चिकटवून वाळल्यावरच घासा. कटर मोठ्यांनीच वापरायचा. भायखळ्याला राणीच्या बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 साली सुरू झालेलं. तिथल्या जुन्या मुंबईच्या छोट्या प्रतिकृती मुलांना नक्की दाखवा.

त्या मुलीचा शनिवारचा क्लास लागला, पण रविवारी. गाडी पूर्ण झाली, वजन 41 ग्रॅम भरलं. दहावीत तिला गणितात 61 मिळाले. ‘चमत्कार झाला’ असं मी म्हणणार नाही. पुढे तिने आयटीआयला ड्राफ्ट्समनचा ट्रेड घेतला. हंगामात ती वडिलांच्या कारखान्यात मापांची वही सांभाळते आणि तिथले लोक तिला विचारून माल मागवतात.

पालकहो, याचे मार्क किती, हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याआधी मुलाची वही एकदा उघडून बघा. कदाचित त्यात तुमचंच काम उलट्या बाजूने लिहिलेलं सापडेल.