बेस गिटारीचा हिशेब

प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार उच्चारले जातात, तेव्हा व्यापारी घरातील श्रावकाच्या डोळ्यांपुढे स्वाभाविकपणे तराजू, गज आणि खातेवही येते. चोराला साहाय्य करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, कमी-अधिक मापे वापरणे आणि अस्सल म्हणून नकली माल देणे, हे तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी सांगितलेले पाचही दोष भरल्या बाजारपेठेत बसून लिहिल्यासारखे वाटतात. अहिल्यानगरच्या कापड बाजारातील एका कुटुंबात मात्र दोन वर्षांपूर्वी या पाचांचा काथ्याकूट झाला तो कापडावरून नव्हे, एका जुन्या बेस गिटारीवरून.

घरातील धाकटा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. दिवसभर दुकानात बसतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी मित्रांबरोबर वाजवतो आणि महावीर जयंतीच्या कार्यक्रमात भक्तिगीतांना साथ करतो. त्याचे वाद्य बेस गिटार. ज्यांनी ते निरखून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. साध्या गिटारीला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार, जाड आणि लांब. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला अवघी ४१. ती कानांपेक्षा छातीला अधिक जाणवतात. गाण्यात बेस चालू असतो तेव्हा सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो थांबला की गाणे एकदम पोकळ वाटू लागते. पेढीवरच्या जुन्या मुनिमासारखेच हे वाद्य म्हणायचे.

मुनिमाची उपमा अगदीच अस्थानी नाही. १९५१ साली बाजारात आलेल्या ज्या ‘प्रिसिजन’ बेसने या वाद्याला आजचे रूप दिले, त्याचा कर्ता लिओ फेंडर मूळचा हिशेबनीस होता. अमेरिकेतील महामंदीच्या काळात नोकरी गेल्यावर त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळचा उभा, माणसाएवढा बेस मोटारीत मावत नसे आणि वाद्यवृंदाच्या गलक्यात ऐकूही येत नसे. फेंडरने तो गळ्यात अडकवता येईल एवढा केला, त्याला वीज जोडली आणि पट्टीवर धातूचे पडदे बसवले. बोट योग्य पडद्यामागे ठेवले की सूर चुकत नाही, म्हणून नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. १९६५ च्या जानेवारीत त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्या विक्रीपूर्वीच्या वाद्यांना आज जुन्या बाजारात नंतरच्या वाद्यांहून कितीतरी अधिक भाव मिळतो.

नगरलाही हे वाद्य अगदी परके नाही. शहराजवळच्या अरणगावला मेहेराबाद आहे आणि तेथे मेहेरबाबांच्या समाधीपुढे गायला देशोदेशींचे भाविक गिटारी घेऊन येतात. ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड आणि ‘स्मॉल फेसेस’चा बेसवादक रॉनी लेन हे दोघे मेहेरबाबांचे अनुयायी होते. कापडाच्या गादीवर मात्र अशा वाद्याकडे संशयानेच पाहिले जाते. त्यावर या घरातील काकी कल्याणजी-आनंदजींचा दाखला देतात. त्यांचे वडील वीरजी शहा कच्छहून येऊन मुंबईत किराणा दुकान चालवत. उधारी फेडता न आलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी मुलांना संगीत शिकवले, असे सांगतात. पुढे १९५४ च्या ‘नागिन’मध्ये कल्याणजींनी जी बीन वाजवली, ती पुंगी नव्हतीच, क्लॅव्हिओलिन नावाचे विजेवर चालणारे परदेशी वाद्य होते. बुडीत उधारीची इतकी चांगली वसुली क्वचितच झाली असेल.

हौशी वादकांना नवे परदेशी वाद्य परवडत नाही, म्हणून त्यांचा खरा बाजार जुन्या मालाचा. एकजण पाच तारांच्या बेसकडे वळतो, दुसरा नोकरीनिमित्त परदेशी निघतो, तिसऱ्याचे लग्न ठरते आणि वाद्य विकायला निघते. नवे वाद्य दुकानाबाहेर पडताच त्याचा भाव उतरतो, मग बराच काळ एका जागी थांबतो आणि काही थोड्या वाद्यांचा पुन्हा चढू लागतो. घसाऱ्याचे कोणतेही कोष्टक इथे चालत नाही. एवढेच कळते की भाव वाद्याच्या वयाचा नसतो, ते कोणी, कोठे आणि कधी घडवले याचा असतो.

पारखण्याची रीत कापडाच्या पारखीहून फार वेगळी नाही. जाणता माणूस आधी वाजवत नाही, बघतो. गिटार डोळ्याशी धरून लांबट मानेच्या कडेवरून नजर सोडतो. मान किंचित वाकलेली चालते, पिळलेली चालत नाही. वाकलेली मान आतल्या पोलादी सळईने सरळ करता येते, पिळलेलीला सहसा इलाज नसतो. समुद्रकाठच्या दमट हवेतून नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात आलेले लाकूड आक्रसते आणि पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात. मग तारांखाली पडदे किती झिजले हे पाहायचे, प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार छेडून खरखर ऐकायची, आवाजाची बटणे फिरवून चरचर होते का बघायचे. अ‍ॅम्प्लिफायरही त्याच अविश्वासाने तपासायचा. साध्या गिटारीच्या छोट्या अ‍ॅम्पवर कोणी बेस वाजवला असेल तर स्पीकरचा कागद फाटलेला असण्याची शक्यता मोठी. या कुटुंबाला एक गोष्ट बरी वाटली होती. बेसच्या तारा पोलादाच्या असतात. जुन्या उभ्या बेसला लागत तशा आतड्याच्या नसतात. पट्टाही चामड्याऐवजी कापडी मिळतो.

नकली मालाचा अतिचार या बाजारात फार जुना आहे. गिटारीच्या डोक्यावरचे नाव म्हणजे बहुधा एक पातळ चिकटपट्टी. ती कोणत्याही लाकडावर बसते. मात्र नक्कल आणि फसवणूक यांच्यातली रेषा नेहमी सरळ नसते. जपानच्या आयबानेझने सत्तरच्या दशकात अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने दावा लावला. तो तडजोडीने मिटला, आयबानेझ स्वतःच्या घडणीकडे वळली आणि आज त्या नकलाच लोक शोधत फिरतात. स्वतःच्या नावाने विकलेली नक्कल आणि दुसऱ्याच्या नावाने विकलेली नक्कल यांत दोष एकसारखा धरता येणार नाही.

चोरीच्या मालाचे प्रसिद्ध उदाहरण बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचे. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्याने सुमारे ३० पौंडांना हॉफनर बेस घेतला, कारण फेंडर त्याच्या आवाक्याबाहेर होता. १९७२ मध्ये लंडनला एका गाडीतून तो चोरीला गेला. अर्ध्या शतकानंतर तो एका माळ्यावर सापडला आणि मूळ मालकाला परत मिळाल्याची बातमी २०२४ च्या फेब्रुवारीत आली. राज्याच्या नियमांचा अतिचार आपल्याकडे अधिक ओळखीचा. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशी वाद्ये जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून येत, आणि त्यातल्या प्रत्येकावर जकात भरलेली असेलच असे कोणी शपथेवर सांगणार नाही.

या सगळ्या पारखीत मुलगा तयार झाला आणि नेमका तिथेच घसरणीला लागला. ज्याला पारख येते त्याला मोहही होतो. तीन वर्षांत त्याच्याकडे चार बेस, तीन अ‍ॅम्प आणि आवाज बदलणारी सात पेडल जमली. दुकानावरच्या माळ्यावर, जिथे पूर्वी दिवाळीच्या मालाच्या गाठी असत, तिथे ती मांडून ठेवली होती. बोटे दहा आणि वाजवण्याच्या संध्याकाळी दोन. ‘द हू’चा बेसवादक जॉन एन्टविसल याने जमवलेला वाद्यांचा मोठा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, २००३ मध्ये लंडनला लिलावात निघाला, ही बातमी मुलाला ठाऊक होती, पण ती त्याला वैभवाची वाटे.

त्या वर्षीच्या पर्युषणात त्याने परिग्रहाची मर्यादा घेतली: एक बेस, एक अ‍ॅम्प. घरात आनंद झाला. उरलेली वाद्ये विकायला निघाली आणि त्यांत ती बेस होती.

ती त्याने तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका वयस्क बाईंकडून १५,००० रुपयांना घेतली होती. त्यांचे यजमान एके काळी ऑर्केस्ट्रात वाजवत. ते गेले आणि वाद्य कपाटावर पडून राहिले. बाईंनी पंधरा हजार सांगितले, याने घासाघीस न करता दिले आणि तो आपला मोठेपणा समजला. विक्रीला काढल्यावर पहिल्याच दिवशी मुंबईच्या एका वादकाने ८०,००० देऊ केले. घरचे चकित झाले. मुलगा झाला नाही, हे बाबूजींच्या, म्हणजे आजोबांच्या नजरेतून सुटले नाही.

विचारल्यावर त्याने सांगितले. बाई चहा करायला आत गेल्या, तेव्हा त्याने वाद्यावरचा क्रमांक वाचला होता. त्या काळातल्या जपानी आयबानेझच्या क्रमांकात पहिले अक्षर महिन्याचे आणि पुढचे दोन अंक वर्षाचे असतात. ‘एफ’ म्हणजे सहावा महिना, पुढे ७९. जून १९७९ ची घडण. वाद्य पंधरा हजारांचे नाही, हे चहा येण्यापूर्वीच त्याला कळले होते.

वडिलांचे म्हणणे स्पष्ट होते आणि ते सहज मोडता येण्यासारखे नव्हते. भाव बाईंनी सांगितला. मुलगा खोटे बोलला नाही. माल चोरीचा नव्हता, माप कमी नव्हते, नकलीचा प्रश्नच नव्हता. पाचांपैकी एकही अतिचार लागत नाही. ज्ञान हेच व्यापाऱ्याचे भांडवल. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर जीएसटी भरण्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे, म्हणजे फरक मिळवणे कायद्याला मान्य आहे. वाद्य तीन वर्षांत पिळले असते, तर बाई नुकसान भरून द्यायला आल्या असत्या का?

काकी एवढेच म्हणाल्या, “भाव त्यांनी सांगितला खरा, पण नंबर याने वाचला.”

बाबूजींनी नातवाला विचारले, “बेटा, त्या बाईंनी तेव्हा विचारलं असतं, की ही किती सालची आहे, तर तू काय सांगितलं असतंस?”

मुलाने बराच वेळ उत्तर दिले नाही.

पाच अतिचारांची यादी इथे अपुरी पडते, ही वडिलांची बाजू खरी. पण व्रताचे मूळ नाव अदत्तादान-विरमण आहे, न दिलेले घेण्यापासून परावृत्त होणे. बाईंनी कपाटावरचे जुने वाद्य दिले होते. १९७९ चे दुर्मीळ जपानी वाद्य आपण देत आहोत, हे त्यांना ठाऊकच नव्हते. जे आपल्याजवळ आहे हेच माणसाला माहीत नाही, ते त्याने दिले असे कसे म्हणायचे? दुसरीकडे, पारख फुकट येत नाही हेही खरे. बाजारात दोन्ही बाजू सारख्याच जाणकार असतात तेव्हा असा प्रश्न उद्भवतही नाही. तो उद्भवतो समोर एखाद्या वादकाची पत्नी असते, वारस असतो, घर आवरायला निघालेला माणूस असतो तेव्हा; आणि हौशी मंडळींची उत्तम खरेदी बहुतेक अशाच घरांतून होते. त्या खरेदीच्या कहाण्या ते एकमेकांना विजयाच्या म्हणून सांगतात, याचा विचार व्हायला हवा.

बाबूजींनी वही मागवली. विक्री ८०,०००. वजा खरेदी १५,०००. वजा पडद्यांची आणि आतल्या वायरिंगची दुरुस्ती ६,५००. बाकी ५८,५००. “निम्मे तुझ्या डोळ्यांचे, निम्मे त्यांच्या वस्तूचे,” ते म्हणाले. वडिलांनी हिशेब पुन्हा तपासला आणि वाद सोडला. पटला म्हणून की वडीलधाऱ्यांपुढे म्हणून, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. तीस हजार पूर्ण करून द्यावे असे मुलाच्या मनात आले. बाबूजींनी करू दिले नाही. हा दानधर्म नाही, २९,२५० म्हणजे २९,२५०.

मुलगा पुण्याला गेला. भारावून जाणे, डोळे भरून येणे असे काही घडले नाही. बाईंनी नोटा दोनदा मोजल्या, क्रमांकाची हकिकत लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, “मग त्यांच्या अ‍ॅम्पचं काय? तेव्हा तू त्याच्याकडे बघितलंही नव्हतंस.”

कपाटामागे खोळ घातलेला पंधरा इंची स्पीकरचा जड अ‍ॅम्प होता. मुलाने तो ओढून काढला, लावून पाहिला. घुं असा आवाज येत होता. आतले कपॅसिटर बदलावे लागणार होते. आहे तसा नऊ-दहा हजार, दुरुस्त करून सोळापर्यंत, असा दोन्ही भाव त्याने सांगितला. त्याच्या स्वतःच्या मर्यादेत अ‍ॅम्प एकच बसत होता आणि तो घरी होताच. नगरच्या एका चर्चच्या गायकवृंदात बेस वाजवणारा तरुण असा अ‍ॅम्प शोधत होता. मुलाने तिथूनच त्याला फोन लावून बाईंच्या हातात दिला आणि आपण गॅलरीत जाऊन उभा राहिला. नऊ हजार आठशेला सौदा ठरला. दलालीचा विषय निघाला नाही. पुण्याहून नगरपर्यंतच्या टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे, यावर मात्र दोघांची अर्धा तास घासाघीस चालली.