नोड कुणाचाच नसतो

हुकूम ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं तार टाकायची, हा फौजेतला जुना शिरस्ता. कोअरकडून डिव्हिजनला, डिव्हिजनकडून ब्रिगेडला. नकाशावर मोठं शिस्तीचं दिसतं. पण डिव्हिजनचं मुख्यालय रातोरात हललं की खालच्या सगळ्या ब्रिगेड मुक्या. केबल गुंडाळा, पुन्हा पसरा, एक्सचेंज जोडा. तोवर साहेबांचा तळ पुढे सरकलेला.

यावरचा इलाज म्हणजे ग्रिड. आपला प्लॅन एरेन, ब्रिटिशांचं टार्मिगन, अमेरिकेचं एमएसई, सगळ्यांचं सूत्र एकच: ट्रंक नोड मुलूख बघून बसवायचे, कमांडर बघून नाही. उंचवट्यावर मास्ट उभारायचा, रेडिओ रिलेनं शेजारचे नोड गाठायचे. मुख्यालय येतं, जमल्यास दोन नोडांना जोडून घेतं, निघून जातं. दोन अशासाठी, की एक पडणार हे धरूनच चालायचं.

‘सगळ्यांना सगळ्यांशी थेट जोडा ना,’ असं कुणीतरी म्हणतंच. दहा ठिकाणांना ४५ दुवे लागतात, शंभरांना ४,९५०. एवढं फळ्यावर लिहिलं की पुरतं.

ट्रंक मोजके आणि बोलणारे उदंड, हे दुखणं मात्र फळ्यावर सुटत नाही. अमेरिकी सैन्याच्या ऑटोव्हॉन फोनवर बटणांचा चौथा रकाना असे: प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि फ्लॅश ओव्हरराइड. वरच्या दर्जाचं बटण दाबलं की गरजेप्रमाणे खालच्या दर्जाचं चालू बोलणं तोडलं जाई. यंत्राला हे सोपं. बटण कुणाला द्यायचं, यावरून भांडणं. ज्याला त्याला आपला निरोप फ्लॅशच वाटतो, रेशनचा इंडेंटसुद्धा. माझं मत विचाराल तर दर्जा खांद्यावरच्या फितींवर ठरू नये. तोफखान्याच्या ओपीवरच्या, म्हणजे निरीक्षण चौकीवरच्या, कॅप्टनसाठी ब्रिगेडियरचा फोन तुटला तर तुटू द्यावा.

आता राउटर आले. वाटा ठरवायला ते वापरतात त्या ओएसपीएफ प्रोटोकॉलमध्ये साधारण दर १० सेकंदांनी शेजारच्या राउटरला हॅलो जातो. ४० सेकंद ऐकू आला नाही की शेजारी मेला असं धरतात. फायबरवर ठीक. पण रेडिओ बसवलेली जीप डोंगराआड जाऊन मिनिटाभरात बाहेर येते, तेवढ्यात ती एकदा मरून पुन्हा जन्मलेली असते, आणि दर खेपेला ही वार्ता अख्ख्या जाळ्यात फिरते. शेकडो जीपांच्या जन्ममरणातच अरुंद रेडिओ दुवा भरून जातो. मुदत वाढवावी, तर खरोखर पडलेला दुवा उशिरा कळतो. मी मुदत थोडीच वाढवतो, आणि ब्रिगेडच्या आतली धावपळ ब्रिगेडच्या वेशीवरच अडवतो. कुठली जीप झाडामागे गेली, हे कोअरच्या राउटरला कळून काय करायचंय? कोअरच्या साहेबांना मात्र हल्ली नेमकं तेच पडद्यावर बघायचं असतं.