साखर, चार डझन

माणसाचे अक्षर हे त्याच्या चालीसारखे असते. दुरूनही ओळखू येते. वर्गातल्या वह्यांचा गठ्ठा समोर आला की वरचे नाव न पाहता ही कोणाची वही हे आम्ही सांगू शकतो. एखाद्याचा 'नून' पोट सुटल्यासारखा, एखादीचा 'अलिफ' वाऱ्यावर झुकलेला. ही मुले शाळा सोडून जातात आणि त्यांचे अक्षर पुन्हा आमच्या दृष्टीस पडत नाही. ईदेला त्यांचे निरोप येतात, पण ते रोमन लिपीत. उर्दू लिहिता येणारी, मराठी लिहिता येणारी ही मुले दोन्ही भाषा तिसऱ्याच अक्षरांत लिहितात.

याचा दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा फोनवरच्या एका संदेशात रोमनची 160 अक्षरे मावत, उर्दू किंवा देवनागरीची फक्त 70. पैसे मात्र तेवढेच. विद्यार्थ्याच्या खिशाने काय ठरवले असेल हे सांगायला नको. पुढे फोनवर उर्दू आली ती नस्ख वळणाची, म्हणजे अरबीसारखी सपाट ओळीवर बसलेली. आमच्या डोळ्यांना सवय नस्तालीकची. तिच्यात शब्द वरून खाली तिरका उतरतो, अक्षर शेजाऱ्याला पाहून आपला आकार बदलते. खिळ्यांच्या छापखान्याला ती कधी नीट जमलीच नाही. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिब हाताने लिहीत आणि तो मजकूर शिळेवरून छापला जाई. चेन्नईचा 'द मुसलमान' हा 1927 साली सुरू झालेला दैनिक अंक तर संगणक आल्यावरही दीर्घकाळ हातानेच लिहिला जात होता. मिर्झा अहमद जमील यांनी अठरा हजारांच्या आसपास जोडशब्दाकृती लिहून काढल्या, तेव्हा 1981 साली लाहोरचा 'जंग' नूरी नस्तालीकमध्ये निघाला. आपल्याकडे दिल्लीच्या कंपनीचे 'इनपेज' 1994 मध्ये आले. आम्ही प्रश्नपत्रिका त्यावरच टाइप करायला शिकलो. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे फोनवर उघडत नसे. आयफोनमध्ये नस्तालीक 2017 मध्ये आली. तोवर बोटांना रोमनची सवय लागून गेली होती. गाडी सुटल्यावर तिकीट मिळावे तसे हे झाले.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. तरी त्याची खरी किंमत काय, हे एका वहीने समजले.

आमचा एक जुना विद्यार्थी मागच्या वर्षी पावसाळ्यात घरी आला. सातवीपर्यंत उर्दू शाळेत होता, नंतर मराठी हायस्कूल. आता टेम्पो चालवतो. त्याचे वडील बांगड्या विकत. भोरहून निघून नसरापूरमार्गे मार्गासनी, विंझर, वेल्हे असा त्यांचा फेरा असे. मेंगाईच्या जत्रेत पाल टाकीत. बायका बांगड्या भरत आणि पैसे भात निघाल्यावर देत. वडिलांचा चाळिसावा झाल्यावर पेटीतून ही वही निघाली होती.

"आपा, अब्बा की वही है. फोन से भी देखा, नै आता पढने."

फोनच्या कॅमेऱ्याने वहीचे जे मराठी करून दाखवले होते ते त्याने आम्हाला दाखवले. त्यात 'समुद्र', 'मंत्री' आणि 'बकरी' असे शब्द होते. छापील उर्दू तो पोरगा आजही वाचतो. वडिलांचे अक्षर मात्र शिकस्त वळणाचे, घाईत लिहिलेले. नुक्ते निम्मे गाळलेले. ज्या लिपीत एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, तिथे निम्मे नुक्ते नसणे म्हणजे काय ते उर्दू जाणणाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

त्याची निकड निराळीच होती. घराची वाटणी व्हायची होती, आणि मयताचे कर्ज फिटल्याशिवाय वारसा वाटता येत नाही. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282वी, नमाज-रोजाविषयी नाही, उधारी लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने लिहून देण्यास नकार देऊ नये असेही तिच्यात सांगितले आहे. सरकारी कायद्याप्रमाणे अशा देण्याघेण्याची मुदत तीन वर्षांत संपते. वहीतल्या बऱ्याच नोंदी त्याहून जुन्या होत्या. कोर्टात त्या मेल्या होत्या. पण त्याच्या अम्मीला कोर्टाशी कर्तव्य नव्हते. नवऱ्याच्या मानेवर कोणाचे काही राहू नये, एवढेच तिचे म्हणणे होते.

चार रविवार आम्ही दोघे वही घेऊन बसलो.

'जमा', 'खर्च', 'बाकी', 'वसूल' हे शब्द पटापट लागले. ते उर्दूतही तेच आणि मराठीतही तेच. अडले ते गावांच्या नावांशी. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे 'विंझर'चे वंझर होते. खुद्द आमचे 'भोर' कोणी भूर वाचले तर त्याला चुकीचे म्हणता येत नाही. 'तोरणा'तला 'ण' उर्दूत नाही, वेळवंडी नदीतला 'ळ' नाही. एका पानावर 'साखर, चार डझन' असे निघाले आणि आम्ही दोघेही विचारात पडलो. साखर डझनावर कोण विकतो? मग पोरगाच हसला. साखर हे वेल्ह्याच्या वाटेवरचे गाव. डझन बांगड्यांचे.

आमच्या गावाला तसा अक्षरांचा जुना संबंध आहे. भोर हे पंतसचिवांचे संस्थान, आणि सचिव म्हणजे पत्रव्यवहार तपासणारा. शिवरायांच्या राज्याभिषेकाआधी या पदाला सुरनीस म्हणत. 1674 नंतर 'सचिव' रूढ झाले. ज्या गावाचे राज्यच लेखणीवर उभे राहिले, तिथली जुन्या घरांतली मोडी कागदपत्रे आज त्याच घरांतल्या नातवंडांना वाचता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची सगळीकडे शोधाशोध झाली. निजामाच्या काळातल्या दप्तरांसाठी उर्दू वाचणारेही लागले. लिपी जाते तेव्हा गाजावाजा होत नाही. दाखला काढायची वेळ आली की मग ती गेल्याचे कळते. आम्हाला त्या वहीवर वाकून बसलेले असताना हेच भय वाटत होते. मोडी जायला राज्य बदलावे लागले, सरकारी निर्णय व्हावे लागले. इथे एका पिढीतच, बापाची वही लेकाला लागत नव्हती.

तिसऱ्या रविवारी एक बदल झाला. पोरगा आमच्या आधी वाचू लागला. वडील 'काफ'ची मान मोडतात, 'ये' शेवटी मागे ओढतात, हे त्याला उमगले होते. "अब्बा ऐसेच चलते थे, पाँव घसीट के," तो म्हणाला, आणि थोडा वेळ गप्प बसला. आम्ही चहा ठेवायला आत गेलो.

लोकांकडून येणे अशा एकेचाळीस नोंदी निघाल्या, साठ रुपयांपासून साडेतीनशेपर्यंत. देणे फक्त तीन. पुण्याच्या एका घाऊक दुकानाचे दोन हजार तीनशे, एका ट्रकवाल्याचे दीडशे, आणि गुंजवणे गावच्या एका म्हातारीचे पाचशे. तिच्या नावापुढे 'औषधाला' एवढेच लिहिलेले.

येण्याविषयी अम्मीने फोनवर बोलून निरोप पाठवला. तिला कोणतीच लिपी येत नाही, आणि फोनचे आमच्या मते सर्वांत मोठे उपकार अशाच बायकांवर आहेत. आजवर तिची प्रत्येक चिठ्ठी दुसऱ्याच्या हातची असे. ती म्हणत होती, त्या बायकांच्या हातातल्या बांगड्या कधीच फुटून गेल्या, आता पैसे कशाचे मागायचे. एकेचाळीस नोंदींवर पोराने तिच्यासमोर रेघ मारली.

देणे फेडायला तो स्वतः गेला. गुंजवण्याची म्हातारी वारली होती. तिचा मुलगा पैसे घेईना. असे काही उसने दिल्याचे आईने कधी सांगितले नव्हते. पोराने वही उघडून दाखवली. त्याला अर्थातच ती लागेना. मग पोराने बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे, मराठीत वाचून दाखवले. आईचे नाव ऐकल्यावर त्याने पैसे घेतले, आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. राजगडच्या पायथ्याच्या त्या घरात उर्दू बहुधा पहिल्यांदाच वाचली गेली असावी.

शनिवारी आम्ही आता खुशखतीच्या तासाला धड्यातला उतारा देत नाही. घरचा बाजार लिहून आणायला सांगतो: काय आणले, कितीला, कोणाचे राहिले. बालभारतीचे उर्दू पुस्तक फोनवर फुकट मिळते, क्यूआर कोड लावला की धडा बोलू लागतो, ते सगळे आम्ही वर्गात वापरतो आणि पुढेही वापरू. पण कोणाचे किती राहिले हे हाताने लिहायचे, आणि शेजारच्याने वाचून दाखवायचे. शेजाऱ्याला लागले नाही तर पुन्हा लिहायचे. पहिले काही आठवडे तासभर नुसता गोंधळ. वांग्यांची 'बहिणी' झाली, रॉकेलचा 'रफीक' झाला.

मागच्या आठवड्यात भाटघरच्या बाजूच्या एका मुलीने मासळीचा हिशोब आणला. सगळी ओळ उर्दूत, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे, रीतीप्रमाणे. 'वेळवंडी' शब्दात तिने मधोमध देवनागरी 'ळ' घातला होता. तो मागच्याला जोडता येईना आणि पुढच्यालाही, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा सोडली होती. शेजारच्या मुलाने मात्र तो शब्द न अडता वाचला.