नव्या ट्रॅक्टरची ओळख

वाचकहो, घरात नवी सून आली की पहिले काही दिवस सारे घर तिच्याकडे पाहत असते आणि तीही सारे घर निरखीत असते. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आला, तेव्हा काहीसे असेच झाले. त्या ओळखीत माझ्या हातून एक चूक घडली. ती आपल्याही घरी घडण्यासारखी आहे, म्हणून ही हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

आम्ही लखनौचे मराठी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली या शहरात संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि त्या निमित्ताने महाराष्ट्रातील कितीतरी माणसे इकडे आली. माझे सासरेही तरुणपणी गाण्याच्या ओढीने आले आणि शिकवण्या करीत इथेच राहिले. शिल्लक पडेल तो पैसा साठवून त्यांनी मलिहाबादच्या बाजूला चार एकरांची आमराई घेतली. हा सारा मुलूख दशहरी आंब्याचा. काकोरीजवळच्या दशहरी गावावरून त्या आंब्याला नाव मिळाले आणि २००९ साली मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकनही लाभले. सासऱ्यांमागे माझ्या यजमानांनी बाग सांभाळली आणि त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. वयाच्या साठीला आलेल्या, आयुष्यभर शाळेत शिकविलेल्या बाईकडे!

बागेत जुना ट्रॅक्टर होता, पस्तीस अश्वशक्तीचा. शेतात तो उत्तम चाले, परंतु जुन्या आमराईत त्याची पंचाईत होई. झाडे दहा-दहा मीटरांवर लावलेली असली, तरी पन्नास वर्षांत त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडल्या होत्या. उंच ट्रॅक्टर खालून गेला की फांद्या मोडत आणि धुराच्या उभ्या नळकांड्याने पाने करपत. माझे माहेर नाशिककडचे. तिकडे द्राक्षांच्या दोन ओळींमधून लहान ट्रॅक्टर सहज हिंडताना मी पाहिले होते. आपल्या देशात १९५९ साली फरिदाबादेस पहिला ट्रॅक्टर तयार झाला. त्यानंतर पुष्कळ काळ मोठे यंत्र ते चांगले यंत्र, अशीच समजूत होती. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आणि उत्तर प्रदेशातील तर अवघी ०.७३ हेक्टर आहे. एवढ्याशा तुकड्यात हत्ती कसा वळणार? म्हणून अलीकडे वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या आतबाहेरचे ट्रॅक्टर निरनिराळ्या कारखान्यांतून निघू लागले आहेत. त्यांतलाच चोवीस अश्वशक्तीचा एक मी घेतला. जुना विकून आलेले पैसे त्यात घातले आणि उरलेल्यासाठी कर्ज काढले. पुण्याला असलेल्या मुलाचे म्हणणे, "आई, आता बाग विकून टाक." मी त्याच्याकडे एक वर्षाची मुदत मागून घेतली.

ट्रॅक्टर चालवीत ते आमचे चाचा. वय त्रेसष्ट. सासऱ्यांच्या काळापासून ते बागेत आहेत. मला ते अजूनही 'बहूजी' म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरची मीटरे कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडली होती. काट्यांवर धूळ बसली होती. चाचांचे त्यावाचून काही अडत नसे. इंजिनावर ताण आला की ते आवाजावरून ओळखीत आणि डिझेल किती आहे, हे टाकीत काडी घालून पाहत. सासरे म्हणत, "तंबोरा लावताना मी जसा कान देतो, तसा हा इंजिनाला कान देतो." चाचांना या शब्दांचा फार अभिमान होता.

नव्या ट्रॅक्टरची तऱ्हा निराळी. स्टिअरिंगच्या चाकामागे एक काळी काच. किल्ली फिरविली की ती उजळते. मधोमध इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, एका बाजूला पाण्याच्या तापमानाच्या आणि दुसऱ्या बाजूला डिझेलच्या लहान लहान पट्ट्या, खाली तासांचा आकडा आणि कडेने चिमुकल्या चित्रांची रांग. मी शाळामास्तरीण, माहितीपुस्तक घेऊन बसले. रोज संध्याकाळी चाचा ट्रॅक्टरवर बसत आणि मी शेजारी उभी राहून वाचून दाखवी.

त्या पाठांत मीच अधिक शिकले. मोटारीची वाटचाल किलोमीटरांत मोजतात, ट्रॅक्टरची तासांत. कारण तो एका जागी उभा राहूनही दिवसभर राबतो. तेल केव्हा बदलावयाचे, पहिली तपासणी केव्हा करावयाची, हे त्या तासांवरून ठरते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत तासांचा आकडा इंजिनाच्या फेऱ्यांवर चाले, त्यामुळे इंजिन संथ फिरले तर तासही संथ सरे. आमच्या नव्या ट्रॅक्टरमध्ये तो घड्याळाप्रमाणे चालतो. फेऱ्यांच्या तबकडीवर एक वेगळी खूण असते. फवारणीचा पंप किंवा रोटाव्हेटर फिरविणारा जो मागचा दांडा, ज्याला सारे पी. टी. ओ. म्हणतात, त्याने सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घ्यावयाचे असतात. काटा त्या खुणेवर ठेवला की दांडा बरोबर तेवढा फिरतो. अंदाजाने रेस देण्याची गरज राहत नाही.

सर्वांत मौज वाटली ती चित्रांची. तेलाची झारी म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब, चौकोनी पेटी म्हणजे बॅटरी, वेटोळे घातलेली तार म्हणजे थंडीत इंजिन चालू करण्यापूर्वी ते तापविण्याची सोय. अक्षर न येणाऱ्या माणसासही कळावे म्हणून ही चिन्हे जगभर सारखी ठेवण्याचा प्रयत्न झालेला आहे. शेतीच्या यंत्रांवरील अशा चिन्हांसाठी आय. एस. ओ. ३७६७ हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. किल्ली फिरविताच झारी आणि पेटी यांचे दिवे पेटले पाहिजेत आणि इंजिन सुरू होताच विझले पाहिजेत. जो दिवा मुळी पेटलाच नाही, तो सारे ठीक असल्याचे सांगत नसतो. तो स्वतःच बिघडलेला असू शकतो.

प्रत्येक चित्रावर बोट ठेवून मी विचारी, "चाचा, दिसले ना?"

"जी बहूजी," चाचा म्हणत.

पंधरा दिवसांत आमचे पुस्तक संपले. विद्यार्थी हुशार निघाला, असे मी मुलास फोनवर सांगितलेही.

दिवाळीनंतरची एक सकाळ. झाडांखालचे गवत आणि वरची माती उथळ फिरवून घेण्याचे काम चालले होते. तसे केल्याने मातीत दडलेली पिठ्या ढेकणाची अंडीही उघडी पडून मरतात. मी थर्मासमध्ये चहा घेऊन निघाले. ट्रॅक्टर माझ्याच दिशेने येत होता. जवळ जाते तो काचेवर एक लाल दिवा लख्ख पेटलेला आणि तापमानाच्या पट्ट्या अगदी वरच्या टोकाला भिडलेल्या. मी हात करून ओरडले, "चाचा, दिवा! लाल दिवा!"

चाचांनी ट्रॅक्टर थांबविला. काचेकडे ते टक लावून पाहत होते. मग मान न वळविताच त्यांनी विचारले, "कोणता दिवा, बहूजी?"

वाचकहो, त्या तीन शब्दांनी मला जे कळले, ते पंधरा दिवसांच्या पाठांत कळले नव्हते.

पुस्तकात वाचलेले त्या वेळी कामी आले. रोटाव्हेटरचा भार काढला, रेस उतरविली आणि इंजिन काही वेळ संथ चालू ठेवले. अशा वेळी एकाएकी बंद केल्यास आतील तापलेले पाणी फिरावयाचे थांबते. संथ चालवूनही पट्ट्या चढतच राहिल्या असत्या, तर मात्र बंद करणेच प्राप्त होते. आणि तेलाच्या झारीचा लाल दिवा असता, तर क्षणाचाही विलंब न लावता बंद करावे लागले असते. सुदैवाने पट्ट्या उतरल्या. इंजिन पुरते थंड झाल्यावर पुढची जाळी उघडली, तो तिच्यावर वाळलेल्या पाल्याचा आणि धुळीचा नमदाच बसलेला. हवा जाण्यास वाट नव्हती. जाळी झाडली आणि यंत्राचे दुखणे तेवढ्यावर निभावले. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये, हे जाता जाता सांगून ठेवते. उकळते पाणी तोंडावर उडते.

चाचांचे दुखणे मात्र जाळी झाडून जाणारे नव्हते. आंब्याच्या बुंध्याशी बसून त्यांनी थंड झालेला चहा घेतला आणि मग हळूहळू सांगितले. वर्षभर दोन्ही डोळ्यांपुढे धुके होते. ऊन समोर आले की सारे पांढरे होऊन जाई. जुन्या ट्रॅक्टरला पाहण्यासारखे काही नव्हतेच, तेव्हा कानावर निभावून गेले. नव्याचे इंजिन निराळ्या सुरात बोले आणि काचेवरची चित्रे त्यांना नुसत्या ठिपक्यांसारखी दिसत. "डोळे गेले असे कळले, तर स्टिअरिंग जाईल," ते म्हणाले. "मग माझ्याजवळ काय राहिले, बहूजी?"

मला राग यावयास हवा होता. रोज आसपासच्या मजुरांची मुले त्या झाडांखालून धावत असत. एखादे मूल चाकाखाली आले असते तर? परंतु राग आला तो माझा मलाच. मी विचारीत होते, "दिसले ना?" या प्रश्नाला गरीब, मानी आणि वयस्क माणूस दुसरे काय उत्तर देणार? होकार मीच त्यांच्या तोंडी घालीत होते आणि तोच ऐकून समाधान पावत होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शहरातील सरकारी रुग्णालयात गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते, त्यामुळे नजर धुरकट होते, रंग फिके पडतात आणि उजेडाने डोळे दिपतात. औषधाच्या थेंबांनी तो विरघळत नाही. गढूळ भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसविणे हाच उपाय. आपल्या देशात अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्यावर उपाय आहे, अशाच कारणाने इतकी माणसे अंधारात बसलेली आहेत. त्यांतील कितीजणांना घरच्यांनी केवळ "दिसते ना?" एवढेच विचारले असेल!

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही आठवड्यांनी दुसऱ्याची. थेंब वेळेवर घालावयाचे, डोळा चोळावयाचा नाही आणि धुळीत जावयाचे नाही. तोवर ट्रॅक्टर चालविणार कोण? मीच शिकावयाचे ठरविले. चाचा बांधावर काळा चष्मा लावून बसत आणि मी गिअर टाकी. आता गुरुशिष्यांच्या जागा बदलल्या होत्या. एके दिवशी काचेवर सारे काही यथास्थित होते, एकही दिवा नव्हता. पण चाचांनी लांबून हात वर केला. "पंख्याचा पट्टा ओरडतोय," ते म्हणाले. मला काहीच ऐकू येत नव्हते. पाहिले तो पट्टा खरोखरच सैल झाला होता. दिवा पेटावयाच्या आधीचे बोलणे कानाला कळते, हे त्या दिवशी मी शिकले. मीटर आले म्हणून कान निकामी होत नाही आणि कान तयार आहे म्हणून मीटर धुळीत लोळू द्यावयाचे नसते.

माघातला मोहर धरला, फवारणी झाली आणि आंबाही उतरला. कर्जाचे हप्ते चुकले नाहीत. वर्ष भरले तेव्हा मुलाने बाग विकण्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आपल्या घरीही नवी यंत्रे येत असतील. आजोबांच्या हाती रक्तदाब मोजण्याचे यंत्र, आजीच्या हाती नवा फोन. शिकविताना आपण उत्साहाने बोट दाखवितो आणि विचारतो, "कळले ना? दिसले ना?" माझी आपणांस एवढीच विनंती, की प्रश्न थोडा बदलून पाहावा. "काय दिसते, ते मला सांगा," असे म्हणावे आणि मग उत्तर येईपर्यंत थांबावे.

आता सकाळी चाचा खिशातून जवळचे पाहण्याचा चष्मा काढतात, तो पदराने पुसावा तसा उपरण्याने पुसतात आणि किल्ली फिरवितात. मी काही विचारण्यापूर्वीच ते मोठ्याने म्हणू लागतात, "झारी पेटली. पेटी पेटली. डिझेल अर्धे. तास चारशे बारा." मग इंजिन सुरू होते, ते पुन्हा पाहतात आणि सांगतात, "झारी विझली. पेटी विझली." त्यानंतर क्षणभर मान तिरपी करून ते कान देतात आणि मगच गिअर टाकतात.