बडा घर, पोकळ वासा

छंद म्हटला की आपल्याकडे टपालतिकिटे, जुनी नाणी, फार तर पक्षिनिरीक्षण. मी लाकडी जहाजे जोडते असे सांगितले की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातांकडे पाहतो. मैत्रिणींना वाटते, आगपेटीच्या काड्यांची घरे करतात तसले काहीतरी असेल. तसले नव्हे. युरोपात या छंदाची तयार पेटीच विकत मिळते. तीत प्लायवूडचा कणा, त्यावर उभ्या करायच्या फासळ्या, बाजू मढवायला दीड मिलिमीटर जाडीच्या ढीगभर पट्ट्या, पितळी खिळे, दोरा, ओतीव तोफा आणि खाटेवर मावणार नाही एवढा नकाशा असतो. पेटीवरचे चित्र पाहून वाटते, महिन्याभरात जहाज होईल. माझे दुसरे वर्ष चालू आहे.

पेटी आणली मामाने. तो मालवाहू जहाजावर असतो. कुठल्याशा बंदरात स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि आमच्या माळ्यावर टाकून पुन्हा बोटीवर गेला. चार वर्षांनी, बारावीच्या सुट्टीत, मी ती उघडली. जहाजाचे नाव 'वासा'. हे स्वीडनच्या एका राजघराण्याचे नाव, पण आजोबांना ते सांगितल्यावर त्यांनी वर आढ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बडा घर, पोकळ वासा!" पुढची हकीगत त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हती.

आजोबा होड्या बांधणारे सुतार. खाडीच्या काठी चाळीस वर्षे मचवे आणि होड्या बांधल्या, कागदावर एक रेघ न ओढता. मग फायबरच्या होड्या आल्या, काम आटले, मांडव मोडला. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट ही सगळी हत्यारे गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात गेली आणि आजोबा ओटीवर बसू लागले. बोलणेही कमी झाले. पेटी पाहून ते हसले. "फासळ्यो आयत्यो दिल्यानी, मगे सुताराचा काम काय रवला?"

काम पट्ट्यांचे राहिले होते. जहाजाचे पोट मध्ये फुगीर आणि नाळेकडे निमुळते असते. सरळ पट्ट्या तशाच ठोकत गेलो तर टोकाला एकीवर एक चढतात. माहितीपत्रकात याचे इंग्रजी तीन पाने होते. मी ते मोठ्याने वाचत असताना आजोबांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, मधल्या फासळीवर धरली आणि तिथे किती फळ्या बसतील ते मोजले. मग दुसरी पट्टी नाळेजवळच्या फासळीवर धरून तिचे तेवढेच भाग दुमडले. "तिकडे फळी एवढी, हिकडे एवढी. आता रंधो मार." तीन पाने संपली! पट्टी गरम पाण्यात भिजवून दिव्याच्या काचेवर वाकवायचेही त्यांनीच शिकवले. कण्याला ते पठाण म्हणत, पाटाला पाट नव्हे. एकेका फळीबरोबर असा एकेक शब्द बाहेर येई आणि मी तो वहीत उतरून घेई.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. ग्रंथालयातून वासाची कथा काढली आणि रोज संध्याकाळी थोडी थोडी सांगितली. राजा गुस्ताव अडॉल्फने हे जहाज बांधायला घेतले. ६४ तोफा, दोन मजल्यांवर, आणि त्यांतल्या ४८ सारख्याच अवजड, चोवीस पौंडी गोळ्याच्या. मुख्य कारागीर हेन्रिक हायबर्टसन १६२७ मध्ये, काम अर्धे असतानाच वारला. जहाज डळमळते का हे पाहायला ३० माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवले. तिसऱ्या फेरीला जहाज इतके डुलले की चाचणीच थांबवली. तरीही १० ऑगस्ट १६२८ रोजी, रविवारी, स्टॉकहोमच्या धक्क्यावरून ते निघाले. दीड किलोमीटरही गेले नसेल, वाऱ्याच्या एका झोतासरशी कलले, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

"नीरम कमी पडला," आजोबा म्हणाले. नीरम म्हणजे तळाशी घालायचे वजन.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. पांढरा गोंद पाण्यात टिकणार नाही म्हणून त्यांनी माझ्या सांगाड्याच्या फटींत कापूस ठोकला, वर राळ आणि तेल चोपडले. हे जहाज काचेच्या कपाटात ठेवायचे असते असे मी सांगताच त्यांचा चेहरा उतरला. "पाण्यात सोडूचा नाय? मगे करतस कित्याक?" यावर मला उत्तर नव्हते. परसातली गुरांची दगडी डोण भरली. रिकामे जहाज सोडले ते आडवेच झाले. तळाशी खडे घातल्यावर ताठ उभे राहिले. मग आजोबांनी जाळ्याची शिशे आणली आणि वरच्या तोफांच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना मांडली. बोटाने जरासे ढकलताच जहाज कलले आणि खालच्या खिडक्यांतून पाणी आत येऊ लागले. चौकशी समितीने हे करून पाहायला हवे होते! आणखी खडे घालू, मी म्हटले. आजोबांनी मान हलवली. नीरम वाढवला की जहाज खाली बसते आणि त्याच खिडक्या पाण्याला टेकतात. चूक वरच्या मजल्याची होती.

"सुतार काय करतलो? राजाक नाय म्हणतलो कोण?"

हेन्रिकबद्दल त्यांना आपुलकी वाटू लागली होती. तोही कागदी आराखड्याशिवायच बांधणारा. १९६१ मध्ये जहाज वर काढले तेव्हा त्यात चार मोजपट्ट्या सापडल्या, दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या आणि दोन अकरा इंची अ‍ॅमस्टरडॅम फुटाच्या. हे ऐकून मात्र आजोबा रागावले. त्यांच्या मांडवात सगळ्यांना माप एकाच काठीचे असे. पण ३३३ वर्षे लाकूड टिकले कसे, याचे त्यांना खरे नवल. आपल्या खाऱ्या पाण्यात कीड फळीची चाळण करते. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात ती जगत नाही, म्हणून वासा वाचले.

सध्या दोरकाम चालू आहे. डोलकाठीच्या शिड्यांना शेकडो गाठी मारायच्या आहेत. आजोबांना दोरा दिसत नाही, डोळ्यांत पडदा वाढला आहे. मी चिमट्याने पाच गाठी मारीपर्यंत ते बोटांनी चाचपून आठ मारतात, आणि त्यांच्या गाठी सरकत नाहीत. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे. डेक बसवण्याआधी खडे त्यांनी आत राळेने पक्के चिकटवून टाकले. वडिलांनी काचेचे कपाट सांगितले आहे. आजोबांनी डोण घासून ठेवली आहे.